तक्रार न्हाई

भोकरदनच्या बाजार समितीत मी कॉम्प्युटरवर रुजू झालो, तेव्हा हेडक्लार्क कौतिकनानांनी मला एकच नियम शिकवला. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण महिनाभर राहतं, मग त्यावर नवं बसतं. कुणाची लेखी तक्रार असेल, तर तेवढा तुकडा वेगळा काढून ठेवायचा. "तक्रार न्हाई, तर ठेवनं न्हाई," हे नानांचं पालुपद. कपाटातल्या फायलींची मुदत संपली की नाना स्वतः उभं राहून त्या फाडून घेत आणि हात झटकून चहा मागवत.

माणूस बोलायला गोड, पण नियमापुढे सख्ख्या मेव्हण्याचंही ऐकायचा नाही. एका आडत्याच्या पोराची वरात फाटकासमोर नाचली होती. ते चित्रण त्याला जपून ठेवायचं होतं. नाना म्हणाले, "शेठ, नाचले बराबर. पन त्याची कोनी तक्रार केली का? मंग जाऊ द्या."

दुपारी एक वाजता मात्र नाना कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर येऊन बसत. त्यांची बायको, आमच्या गयाकाकू, डबा घेऊन फाटकाशी यायच्या. आत पुरुषांची गर्दी, म्हणून बाहेरच थांबायच्या आणि कॅमेऱ्याकडे बघून डबा एकदा वर धरायच्या. "चला, आमची आवक आली," म्हणत नाना उठायचे. आम्ही गालातल्या गालात हसायचो.

एका पहाटे काकू झोपेतच गेल्या. तेरवी उरकून नाना कामावर आले आणि एक वाजता म्हणाले, "सुनील, तिचा शेवटचा डबा लाव बरं." पडद्यावर काकू आल्या, डबा वर धरला. नाना सवयीनं अर्धे उठले आणि परत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. मग रोजच खानावळीचा डबा उघडून, तेवढंच बघत ते जेवू लागले.

महिना भरत आला. मला राहवेना. म्हटलं, "नाना, पेन ड्राइव्हवर काढून देतो. कुणाला कळायचं नाही."

"आन् त्या आडत्याला काय तोंड दाखवू?"

"मग लेखी तक्रार द्या. नियमातच ठेवू."

नानांनी पेनाचं टोपण काढलं. कोरा कागद पुढे ओढला.

"कोनाची लिहू? सारी उमर तिनं डबा आनला. तू जेवलीस का, म्हनून मी एकदा इचारलं न्हाई. तक्रार व्हायची तर माझीच व्हती. ती करनारी गेली."

त्यांनी टोपण लावलं. दोन दिवसांनी काकूंच्या जागी फाटकातून कापसाच्या गाड्या जाताना दिसल्या.

आता नाना निवृत्त होऊन केदारखेड्याला एकटेच असतात. कधी बाजाराच्या दिवशी एसटीनं येतात, पण ऑफिसात पाऊल टाकत नाहीत. एकच्या सुमारास फाटकाशी, काकू थांबायच्या तिथं, रिकाम्या हातांनी उभे राहतात. मला पडद्यावर दिसतात. मी धावत खाली जाईपर्यंत निघून गेलेले असतात.

महिना झाला की तेही पुसलं जातं. कुणाची तक्रार नसते.