रुक्मिणीचा काळवंडलेला चेहरा

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगाला, विठ्ठलाचं एक लहानसं देऊळ होतं. त्याच्या सभामंडपात डाव्या भिंतीवर एक चित्र होतं. कौंडण्यपूरची रुक्मिणी अंबेच्या देवळातून बाहेर पडते आहे, आणि पलीकडे कृष्णाच्या रथाचे पांढरे घोडे खूर आपटत उभे आहेत. खुशालराव पाटलांच्या आजोबांनी एका फिरत्या चिताऱ्याकडून ते काढून घेतलं होतं. लग्न ठरलेल्या मुलींना घरच्या बाया मुद्दाम ते दाखवायला आणत, इतकं ते देखणं होतं.

देवळाला फुलं राखोंडे माळ्यांच्या मळ्यातून जात. जानराव राखोंडे पहाटे फुलं तोडायचा आणि त्याची बायको मनकर्णाबाई टोपली घेऊन देवळात जायची. एका वर्षी रुक्मिणी स्वयंवराच्या उत्सवानंतर चित्रावर बरीच धूळ बसलेली तिला दिसली. तिनं पदरानं ती हलकेच झटकली आणि घरी आली. त्या पावसाळ्यात रुक्मिणीचा चेहरा काळा पडायला लागला. आधी राखाडी, मग तपकिरी, आणि दसऱ्यापर्यंत पार तव्यासारखा. हातही काळे झाले, नथीचे मोतीही. घोडे मात्र होते तसे पांढरेशुभ्र राहिले.

घोडे पांढरे राहिले म्हणूनच लोकांचा संशय पक्का झाला. धुरानं झालं असतं तर सगळंच काळं झालं असतं ना? पदर फिरवताना मनकर्णाबाईला कोणीतरी पाहिलं होतं. ओल्या पदरानं पुसलं, रंग बिघडला, अशी बोलवा उठली. त्याच्याही पुढे जाऊन काही जणी म्हणाल्या, देवीला हिचा हात सोसला नाही.

खुशालराव देवळाचे पंच होते. माणूस दुष्ट नव्हता, पण आजोबांचं चित्र गेल्याचं त्यांना फार लागलं होतं. त्यांनी मनकर्णाबाईला सगळ्यांसमोर सांगितलं, "फुलं पायरीवर ठेवत जा, बाई. आत येऊ नोको."

"माहा पदर कोरडा व्हता, पाटील," ती म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन गेली, पायरीवर ठेवली, बाहेरूनच हात जोडले आणि परतली. पुढेही तसंच. तिची मुलगी शकुन तेव्हा मराठी शाळेत शिकत होती. आईबरोबर पायरीपर्यंत जायची आणि तिथून आत वाकून पाहायची. "माय, आपन आत काहून जात नाई?" असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा मनकर्णाबाईनं तिचा हात धरून चालायला सुरुवात केली. शकुननं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, पण विसरलीही नाही.

पोरगी हुशार निघाली. माळ्याची मुलगी मॅट्रिक झाली याचंच जुन्या शहराला नवल होतं. तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती अमरावतीच्या कॉलेजात शास्त्र शिकायला गेली तेव्हा तर पानठेल्यावर तोच विषय. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि शास्त्राच्या वर्गात मुली शोधूनही सापडत नसत. शकुन पहिल्या बाकावर एकटी बसायची. रसायनशाळेत काचेची भांडी फुटतील या धाकानं बाकीची मुलं चाचपडत, तेव्हा हिचे हात मोगऱ्याच्या कळ्या खुडल्यासारखे सहज चालायचे.

एक दिवस शिशाच्या क्षारांचा प्रयोग होता. सडक्या अंड्यासारखा वास येणारा गंधकाचा वायू एका पांढऱ्या साक्यात, म्हणजे तळाशी बसलेल्या गाळात, सोडायचा. शकुननं नळी बुडवली आणि पांढरा साका तिच्या डोळ्यांदेखत काळा झाला. ती जागच्या जागी थबकली. बाकीच्यांनी वहीत नोंद करून भांडी धुवायला घेतली, ही मात्र ती परीक्षानळी उजेडात धरून उभीच.

"काय झालं?" प्राध्यापक शेषराव सरांनी विचारलं.

"सर, चितारी पांढऱ्या रंगासाठी शिसं वापरत असत का?"

"वापरत. बाजारात सफेदा मिळतो ना, तो शिशाचाच. फार सुंदर पांढरा येतो. का?"

शकुननं त्यांना रुक्मिणीची गोष्ट सांगितली. आईचीही सांगितली. सरांनी तिच्या हातातली परीक्षानळी घेऊन उजेडात धरली. मग म्हणाले, "तुला वाटतं तसं असेलही. पण अंदाज लोकांनीही केलाच होता, आणि त्याचं काय झालं ते तू पाहिलंस. तू सिद्ध कर."

त्याच सुमारास घरून निरोप आला की देवळात चुना भिजत घातला आहे. चित्र पुसून भिंत पांढरी करायची आणि नागपूरचा पेंटर बोलावून नवं काढायचं ठरलं होतं. शकुन मिळेल त्या गाडीनं अकोल्याला आली आणि स्टेशनवरून सरळ खुशालरावांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली.

"पाटील, चुना लावू नोका. चित्र मेलं नाई. आजारी हाये."

खुशालरावांनी तिला नीट पाहिलं. "जानरावची पोरगी ना तू? तुह्या मायनं एकदा हात लावला, तेवढा पुरे झाला."

"मी हात लावतच नाई. भिंतीच्या खाली रंगाच्या खपल्या पडल्या असतील, तेवढ्या नेऊ द्या. माही चूक निघाली तर चुना हायेच."

खुशालराव उठून आत गेले. शकुनला वाटलं, संपलं. पण ते देवळाच्या किल्ल्या घेऊन बाहेर आले. "माह्या आज्याची आठवन हाये थे," एवढंच म्हणाले आणि पुढे चालू लागले.

त्या खपल्या कागदात बांधून तिनं अमरावतीला नेल्या. एकेक कण ती भिंगाखाली पाहू लागली. चेहऱ्याखाली पडलेला काळा कण आम्लात विरघळवून त्यात आयोडाइड टाकलं, तर हळदीसारखा पिवळाधमक साका बसला. शिसं होतं! घोड्यांखाली पडलेल्या पांढऱ्या कणात शिशाचा मागमूसही नव्हता; तो नुसता खडूसारखा चुना होता. चिताऱ्यानं घोड्यांना स्वस्तातला पांढरा दिला होता, आणि रुक्मिणीच्या चेहऱ्याला, हातांना, मोत्यांना मोलाचा सफेदा. म्हणून घोडे वाचले आणि ती काळी पडली.

आता राहिला प्रश्न रंग कशात कालवला होता याचा. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसात कालवला असता तर कण जाळल्यावर केस जळल्याचा वास आला असता. तसा आला नाही. पाण्याच्या थेंबात मात्र तो कण बघता बघता फुलला, पसरला आणि सुटा झाला. म्हणजे बांधणी डिंकाची. शकुननं भिंग खाली ठेवलं. ओला पदर लागला असता तर रंग काळा झालाच नसता. तो धुऊन पदरावर आला असता! पण देवळात तिनं पाहिलं होतं, रुक्मिणीच्या भुवईचा एकेक केस काळ्याखाली अजून जसाच्या तसा होता. त्या चेहऱ्याला पाणी कधी लागलंच नव्हतं. आई खरं बोलत होती.

काळ्याचं पुन्हा पांढरं करणारं औषध सरांना ठाऊक होतं, हायड्रोजन पेरॉक्साइड. शकुननं त्याचा थेंब एका कणावर सोडला. कण पांढरा झाला, आणि लगेच विरघळून थेंबात फिरायला लागला. औषधातही पाणीच होतं. चेहरा उजळला असता आणि त्याच वेळी वाहून गेला असता.

"औषध बरोबर आहे," सर म्हणाले, "देण्याची तऱ्हा शोधायला हवी."

तऱ्हा तिला मळ्यात सापडली. सुट्टीच्या दिवशी घरी आली होती. आई मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली भरत होती. कळ्यांना पाणी लागलं तर त्या डागळतात, म्हणून ती टोपलीवर कामट्या आडव्या ठेवून त्यांच्यावर ओलं फडकं पसरायची. फडकं कळ्यांना टेकत नसे, पण ओलावा त्यांच्यापर्यंत पोचायचा. हे शकुननं जन्मभर पाहिलं होतं. त्या दिवशी ती टोपलीशीच बसून हसायला लागली.

"काय झालं वं?" मनकर्णाबाई म्हणाली. "कायले हसून राहिली?"

"काई नाई माय. तुह्या टोपलीनं माहं कोडं सोडवलं."

प्लास्टर ऑफ पॅरिसची जाड पाटी ओतायची, ती वाळवायची, औषधात भिजवायची आणि चित्रासमोर बोटभर अंतरावर धरायची. औषध टेकणार नाही. वाफ तेवढी पोचेल. रसायनशाळेत तिनं उरलेल्या कणांवर करून पाहिलं. वेळ लागला, पण कण पांढरा झाला आणि जागेवर राहिला. शेषराव सरांनी भिंगातून पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "चला अकोल्याला," ते म्हणाले.

त्या सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बातमी सगळीकडे झाली होती. जानरावनं पाटी टेकवायला वेलांच्या मांडवाच्या बांबूंची घडवंची बांधून दिली होती. कोट घातलेले सर दिसताच लोक त्यांच्याकडे वळले, पण त्यांनी शकुनकडे बोट दाखवलं आणि स्वतः खांबाला टेकून बसले. मनकर्णाबाई बाहेर पायरीवर उभी होती.

शकुननं पहिल्यांदा फक्त हाताच्या बोटांसमोर पाटी लावली. वेळ जाऊ लागला. लोक कुजबुजले, मग मोठ्यानं बोलू लागले. कोणीतरी म्हणालं, "हे तं नुसतं दाखवनं हाये." शकुन हलली नाही. बऱ्याच वेळानं तिनं पाटी बाजूला केली, आणि पुढे बसलेल्या बायांनी एकदम श्वास घेतला. रुक्मिणीची बोटं गोरी झाली होती.

आता मागचे लोकही पुढे सरकले. पाटी पुन्हा भिजवून चेहऱ्यासमोर लागली. दुपारचं ऊन मंडपात आलं तेव्हा शकुननं ती काढली. आधी नथीचे मोती दिसले, टपोरे, नुकतेच ओवल्यासारखे. मग गाल, मग कपाळ. भुवयांखालचे डोळे रथाकडे वळलेले होते, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, जे नव्या सुनांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"उजयली! बावा, उजयली रुकमाय!" एक म्हातारी ओरडली, आणि मग टाळ्या, जयजयकार, लहानमोठ्यांची झुंबड. शेषराव सर गर्दीत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

खुशालरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "पोरी, मंग हे काळं कशानं झालं थे सांग."

शकुननं पाटी खाली ठेवली. उत्तर तिला माहीत होतं आणि ते कोणाला लागणार हेही. "पाटील, स्वयंवराच्या उत्सवात अंगनात शोभेची दारू उडते. तिच्यात गंधक असते. तिचा धूर मंडपात कोंडतो अन् पावसाळ्याच्या ओलीत सफेद्याले काळं करते."

ती दारू उडवायची प्रथा खुशालरावांनीच, चित्र बिघडलं त्या वर्षी, हौसेनं सुरू केली होती. मंडपात सगळ्यांना ते ठाऊक होतं. खुशालराव चित्राकडे पाहत राहिले. मग गर्दीतून वाट काढत पायरीपाशी गेले आणि पागोटं काढून हातात घेतलं.

"मनकर्णाबाई, आत या. बिघडवलं मी, अन् बोल तुमाले लावला. आत या."

इतकी वर्षं तिनं तोंडातून ब्र काढला नव्हता. आता म्हणाली, "पदर कोरडा व्हता, पाटील. मी तवाच सांगतलं व्हतं."

"सांगतलं व्हतं. आमी ऐकलं नाई."

ती आत आली. लोक बाजूला सरले. रुक्मिणीसमोर उभी राहून तिनं डोळे भरून पाहिलं, आणि मग लेकीकडे वळून तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. कडकड आवाज झाला तेव्हा सगळा मंडप हसला, आणि शकुन मात्र रडली.

भिजत घातलेला चुना खुशालरावांनी गोठ्याच्या भिंतीला वापरला. शोभेची दारू नदीपात्रात उडू लागली. शकुन पदवीधर झाली आणि अमरावतीला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवू लागली. पण तिची खरी कीर्ती गावोगावच्या देवळांतून फिरली. सुट्टीत ती अकोल्याला उतरली की कुठली ना कुठली बैलगाडी तिला न्यायला आलेली असायची. सगळीच चित्रं बरी होत नसत. दिव्याच्या काजळीवर हे औषध चालत नाही, हे ती पहिल्यांदाच सांगून टाकायची. तरी लोक बोलावत.

एकदा पातूरच्या पुढच्या एका गावी चंद्रभान पाटलांनी तिला अंधाऱ्या गाभाऱ्यात नेलं. भिंतीवर काय आहे ते कोणालाच आठवत नव्हतं. नुसता काळोख होता.

"बाई, याच्यातून काई निघन का?" त्यांनी विचारलं.

शकुनबाईंनी पदर खोचला, भिंग काढलं. "पाहू ना. आधी थो झरोका मोकळा करा, पाटील. मले उजेड पायजे."