अंगठ्याकडं फिरव

आज माझ्या कराटेच्या वर्गात दोन पोरी मनगट सोडवायचा सराव करत होत्या. एकीनं धरलं होतं, दुसरी नुसती ओढत होती.

"अगं सोड की, दुखतंय!"

"मी का सोडू? तू सोडव. चोराला पण अशीच विनवणी करणार का?"

मी पुढं झालो. "ओढू नको. अंगठ्याकडं फिरव, पकड तिथंच कच्ची असते." पत्र्याच्या शेडपासून आजच्या जिमपर्यंत मी हेच शिकवत आलो. हाताला इतकं वळण लावायचं, की त्यानं डोक्याला विचारत बसू नये.

बोलता बोलता माझा हात माझ्याच मनगटावर गेला. गेल्या महिन्यात दवाखान्यात बायकोनं माझं मनगट धरलं होतं. तिचा जीव गेला, तरी बोटं तशीच होती. नर्स म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हा." तेवढ्यात माझा हात अंगठ्याकडं फिरला आणि सुटला. मी फिरवला नाही. तो आपला आपण फिरला. तिचा हात गादीवर आपटला, आणि मी माझ्याच हाताकडं बघत राहिलो. इतकी वर्षं मला वाटायचं, अंगाला आपलं माणूस कळतं. त्याला नुसती पकड कळते.

"सर, तुमचं धरू?" पोरीनं विचारलं.

"धर."

तिनं धरलं. हात फिरायला लागला, तसा मी तो दुसऱ्या हातानं दाबून धरला.

"सर, सोडवून दाखवा ना."

"थांब गं," म्हटलं, "घाई काय आहे?"