एकशे सतराव्या बिल्ल्याची हजेरी

अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात मी हजेरीचा कारकून म्हणून लागलो. माझ्या आधीच्याला मालकानं एकाच चुकीपायी हाकललं होतं: हजेरीत नाव होतं, माणूस नव्हता. तरी मी शहाणा! हंगामाच्या पहिल्या सकाळी फाटकावर तीनशे बाया. सगळ्यांची नावं चढवायची, प्रत्येकीला नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा, अन् आत मुकादम बोंबलतोय. कोण विचारत बसतो? मागल्या वर्षीचं रजिस्टर उघडलं आणि सगळी नावं एका बैठकीत जशीच्या तशी उतरवली. बिल्ले फळीवर खिळ्यांना अडकवले; जिनं तिनं आपला उचलायचा.

रोज मान खाली घालून नावं पुकारायचो. बाया "हाव" म्हणायच्या, मी खूण करायचो. आठेक दिवसांनी एकशे सतरा नंबरचं नाव पुकारताना शाई सांडली, म्हणून मान वर केली. तेवढ्यात "हाव" आलं. बारीक, कोवळ्या पोरीचा आवाज. समोर एकशे सोळावाली बाई उभी होती, आणि तिच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी. एकशे सतराच्या खिळ्यावर बिल्ला नव्हता.

दुपारी बाया कापूस निवडत बसल्या होत्या तिथं मुद्दाम गेलो. तिथंही त्या बाईच्या शेजारी तेवढीच जागा सोडलेली. कुणी बसत नव्हतं, पण निवडलेल्या कापसाचा ढीग मात्र होता.

एका म्हातारीला विचारलं. "तिच्या पोरीची जागा होय ते," ती म्हणाली. "पोरगी सरावनात मेली."

घाबरलो की मी चिडतो, हा माझा जुना रोग. एकशे सोळावालीवर तडकलोच. "काहून वो बाई, मेलेल्या पोरीची हजेरी लावून राहिल्या? माझ्या पोटावर पाय आणता काय?"

"मी कुठी लावली साहेब? तुमीच तं रोज पुकारता तिले. घरी तिचं नाव काढलं का तिचा बाप उठून जाते. गावात कोनी घेत नाही. पैसे नोका देऊ तिचे. नाव तेवढं राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः डोकी मोजायला येणार होता. मी तांबडी शाई घेतली आणि पोरीच्या नावावर रेघ ओढली.

सकाळी मालक शेजारी उभा. एकशे पंधरा, हाव. एकशे सोळा. उत्तर नाही. पुन्हा पुकारलं. बाई चार हातांवर उभी राहून माझ्याकडेच पाहत होती. तिसऱ्यांदा पुकारल्यावर पुढं आली आणि दोन्ही बिल्ले टेबलावर ठेवले.

"माह्यंही खोडा साहेब. एकटीच जाऊन राहिली ते."

फाटकाकडे जाताना तिनं एक हात जरा बाजूला धरला होता, लेकराला चालवताना धरतात तसा. मालकानं डोकी मोजली. बरोबर भरली. त्यानं मला शाबासकी दिली, आणि नालायकानं मी ती घेतली.