एका शब्दाचे घरमालक

आमच्या ओया-साननी घर दाखवायच्या आधी माझ्याकडे एक शब्द मागितला. जपानीत घरमालकाला ओया-सान म्हणतात. इचिकावातल्या त्यांच्या दुमजली घराच्या दारात मी आणि माझा नवरा हेमंत घामाघूम होऊन उभे होतो. मोठ्या भूकंपानंतरचं वर्ष होतं. तीन एजंटांनी आम्हाला आधीच वाटेला लावलं होतं. "पुन्हा जमीन हलली की तुम्ही मायदेशी जाणार," असं एकाने तर कमरेत वाकून, अतिशय नम्रपणे सांगितलं होतं. आणि इथे ऐंशीला टेकलेले हे ताठ गृहस्थ स्वच्छ इंग्रजीत विचारत होते, "जमीन भाड्याने देण्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

"भाडं," मी म्हटलं. ते खट्टू झाले. "ते घराचं झालं. शेताचं?"

मी पुण्यात वाढलेली. शेताशी माझा संबंध हुरड्यापुरता! तिथल्या तिथे वाईला बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "शेत खंडाने देतात, मक्त्याने देतात. जुन्या कागदांत इजारा असतो. का गं, जागा मिळाली का?" मी तिन्ही शब्द सांगितले. इजारा ऐकल्याबरोबर ओया-सानचा चेहरा खुलला. "हा अरबीतून निघाला, फारसीतून तुमच्याकडे पोहोचला!" म्हणाले, आणि वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातात. ना हमीदार, ना चौकशी. जिना चढताना हेमंत पुटपुटला, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, पण जागा झकास आहे."

डोकं फिरलेलंच होतं, आणि तेही एकाच शब्दाने. आयुष्यभर त्यांनी एका व्यापारी कंपनीत लाकडाच्या व्यवहाराचे करार भाषांतरित केले होते, आणि रविवारी घरी चार-दोन विद्यार्थ्यांना शब्दांचा इतिहास शिकवला होता. रशियन, पोलिश, जर्मन या भाषा त्यांना घरच्यासारख्या. त्या करारांत त्यांना पुन्हा पुन्हा एक शब्द भेटला: अरेंदा, म्हणजे भाडेपट्टा. युक्रेनियनमध्ये ओरेंदा, स्वीडिशमध्ये अरेंदे, बाल्टिक किनाऱ्यावरच्या जर्मनांकडेही तोच. मूळ मध्ययुगातल्या कारकुनी लॅटिनमधलं. "राजाचा शब्द तलवारीबरोबर जातो," ओया-सान म्हणायचे. "हा कारकुनाच्या पिशवीतून गेला. जमीन जागची हलली नाही, तिचा शब्द मात्र अर्धा युरोप पायी चालला." कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन मी दारातच ऐकत उभी राही. असाच कुठून कुठून चालत आलेला शब्द माझ्या बापाच्या तोंडात होता आणि मला पत्ता नव्हता. अंगावर काटा यायचा माझ्या.

तो शब्द जिथे जिथे आढळला, तिथलं एक कार्ड त्यांनी केलेलं असे. शब्द, कुठे सापडला, कोणाकडून कोणाकडे गेला त्याचा बाण. स्वतःच्या डोळ्यांनी मूळ कागद पाहिला असेल तर कार्ड शाईने लिहायचं. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलं असेल तर पेन्सिलने. "पेन्सिल म्हणजे ऐकीव," ते म्हणत. "ऐकिवावर भिंत बांधायची नाही." कचरा वेगळा करण्यातही त्यांचा हाच काटेकोरपणा. माझ्याकडून दुधाचा खोका चुकीच्या पिशवीत गेला, तर ते तो काढून, धुऊन, सपाट करून माझ्या दाराशी ठेवून जात. एक शब्द न बोलता! शरमेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

भूकंपात कार्डांचे सगळे खण जमिनीवर आले होते आणि चाळीस वर्षांची कार्डं एकमेकांत मिसळली होती. त्यांच्या मुलीने, मिदोरी-सानने, ती संत्र्यांच्या खोक्यांत भरून ठेवली. त्याच सुमारास त्यांचे डोळे जायला लागले. कडेचं दिसे, मधलं पुसलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार तर दोन वर्षं, मग तेवढंही नाही. पुस्तक तर त्यांनी आठवणीवरून लिहून एका छोट्या प्रकाशकाकडे देऊनही टाकलं होतं. आता तळटीपांसाठी कार्डं लावायची तेवढी राहिली होती. डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर छापलेलं पुस्तक बघायचं, एवढी एकच इच्छा.

म्हटलं, "मी वाचते." मला त्या भाषा येत नव्हत्या. रशियन अक्षरं त्यांनी आठवड्यात शिकवली. अर्थ कळत नसताना खड्या आवाजात म्हणायची सवय मला होतीच. लहानपणी स्तोत्रं काय वेगळी म्हटली होती? रोज दुपारी तीन ते पाच, आधी "शाई" किंवा "पेन्सिल" असं सांगायचं, मग कार्ड वाचायचं. ते डोळे मिटून ऐकत आणि बोट दाखवत. त्या बाजूला तातामीवर, म्हणजे खोलीभर अंथरलेल्या गवती चटयांवर, मी कार्ड ठेवायची. बघता बघता खोलीभर त्या शब्दाची वाट उमटत गेली. अहो, काय सांगू! पोलंडवरून पाय टाकताना मी साडी आवरून घ्यायची.

एका दुपारी मी वाचलं, "पेन्सिल. जर्मन."

"शाई," ते म्हणाले. "जर्मनांनी तो पोलिशांना दिला, ते कार्ड ना? माझं तिसरं प्रकरण त्यावर उभं आहे."

"पेन्सिल आहे, ओया-सान."

त्यांनी हात पुढे केला. कार्डाच्या कोपऱ्यावर खोडरबर फिरवलं. "गेलं?"

"गेलं," मी म्हटलं.

त्यांनी खोडरबर खाली ठेवलं. मग म्हणाले, "हे माझ्या गुरूंच्या पुस्तकातलं. मी तो कागद कधी पाहिलाच नाही." पुढे चार दिवस ते पोलिश कार्डं मागत राहिले. ती सगळी शाईची होती, आणि प्रत्येकावर तेच निघालं: पोलिश कारकुनांनी शब्द थेट लॅटिनमधून उचललेला. मधल्या जर्मनांचा पत्ताच नाही. तीस वर्षं त्यांनी बाण चुकीचा काढला होता. ते कार्ड पेन्सिलचं आहे हे मी सांगितलंच नसतं तर? असं मनात आलं आणि मी स्वतःवरच चिडले.

त्यांनी प्रकाशकाला फोन करून पुस्तक थांबवलं. मिदोरी-सान रडकुंडीला आल्या. "बाबा, वाचणार किती जण? पाच! कोणाला कळणार आहे?"

"मग त्या पाच जणांनाच फसवू?" ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "उद्या तीन वाजता याल ना?"

डोळ्यांतला शेवटचा उजेड त्या माणसाने चूक निस्तरण्यात घालवला. मी समोर बसून पाहिलंय. आधी चेहरे गेले, मग खिडकी गेली. तिसरं प्रकरण ते नव्याने सांगत, मिदोरी-सान लिहून घेत, मी कार्डं वाचत असे. एकदा मला राहवलं नाही, विचारलं, "पुस्तक दिसणार नाही तुम्हाला, वाईट नाही वाटत?" म्हणाले, "वाटतं ना. फार वाटतं." आणि पुढचं कार्ड मागितलं.

हेमंतची पुण्याला बदली झाली तेव्हाही ते प्रकरण अर्धंच होतं. जपानात घर सोडताना मालक भिंती तपासतो. ओया-साननी हातांनी तपासल्या. बोटं फिरवत गणपतीच्या सजावटीच्या खिळ्यांची भोकं शोधली. "तीन."

"चार," मी म्हटलं. "एक दाराच्या वर आहे, तुमचा हात पोहोचला नाही." ते इतके हसले की काठी पडली. मी त्यांच्या पाया पडले. ते गोंधळले, मग त्यांनीही वाकून नमस्कार केला.

दोन वर्षांनी पार्सल आलं. पुस्तक आणि मिदोरी-सानची चिठ्ठी: छपाई होऊन आलं तेव्हा बाबांनी ते दिवसभर मांडीवर ठेवलं होतं, त्याच महिन्यात ते गेले. माझं जपानी बोलण्यापुरतं, म्हणून हेमंतला वाचायला बसवलं. त्याने तिसरं प्रकरण उघडलं आणि वाचता वाचता थांबला. नकाशावर सगळे बाण होते. जर्मनी आणि पोलंडच्या मधे फक्त कोरी जागा, आणि खाली एक ओळ.

"वाच की," मी म्हटलं.

"'इथे मी तीस वर्षं चुकीचं सांगत आलो,'" हेमंतने वाचलं. "'माझ्या विद्यार्थ्यांची मी क्षमा मागतो.'"

त्याने पुस्तक मिटलं नाही. आम्ही दोघं त्या कोऱ्या जागेकडे बघत बसलो.