बॉनेटवर बसून समुद्र बघायला

एसटीच्या डेपोत आयुष्य काढलेल्या माणसाजवळ दोनच गोष्टी साठतात, गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्याला तेल तरी लावता येतं. किस्सा एक काढावा तर त्याच्या मागून चार येतात आणि आतून बायको म्हणते, झालं यांचं सुरू.

परवा भाचजावई घरी आले होते. विमान चालवतात. चहा घेताना सांगायला लागले की कॉकपिटमध्ये पायलटच्या मागे एक घडीची सीट असते, तिला जम्पसीट म्हणतात. विमान भरलेलं असलं तरी सुट्टीवरचे पायलट त्या सीटवर बसून लंडन, न्यूयॉर्क फिरून येतात! त्यांना वाटलं, मामा थक्क होतील. मी म्हटलं, "जावईबापू, ही सीट आमच्या जालन्याच्या गाड्यांत सत्तर साली होती. आम्ही तिला बॉनेट म्हणायचो."

त्या काळच्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, केबिनच्या आतच असायचं. त्यावर पत्र्याचं झाकण, तेच बॉनेट. पोत्याची घडी टाकायची आणि बसायचं. खालून इंजिन भाजतंय, समोरून ऊन येतंय, पाठ टेकायला काही नाही. रजेवरचे आमचे ड्रायव्हर-कंडक्टर असेच फिरायचे, लग्नाला, देवाला, सासुरवाडीला. अट एकच, अंगात खाकी पाहिजे. साध्या कपड्यातल्या माणसाला केबिनमध्ये कोण घेणार? म्हणजे मजा करायला निघायचं, तेही ड्युटीचे कपडे घालून!

बायकामाणसांना केबिनमध्ये मज्जाव. त्यांना घेऊन जायचं तर वर्षातून काही दिवसांचा घरच्यांसकट फुकट पास असायचा. पण तिकीटवाले सगळे बसल्यावर सीट उरली, तरच पासवाल्याने टेकायचं, आणि मधल्या स्टँडवर तिकीटवाला चढला की उठायचं. हा कायदा होता की रिवाज, मला अजून ठाऊक नाही. आम्ही मात्र उठायचो. त्यामुळे आमच्या लोकांना एकच नाद लागलेला, रिकामी गाडी. रिकामी गाडी दिसली की आमचा माणूस जेवत्या ताटावरून उठून तिच्यात जाऊन बसायचा.

*

पहिला किस्सा करीमभाईचा. करीमभाई आमच्या डेपोतला जुना ड्रायव्हर. भाच्याच्या लग्नाला नांदेडला निघाला. नवा पायजमा पिशवीत, अंगात खाकी, पायात रबरी चपला. बॉनेटवर मांडी घालायला जागा नव्हती म्हणून पाय वर घेऊन बसला आणि परभणीच्या अलीकडे त्याला झोप लागली.

नांदेडला उतरायला उठला तर पाय उचलेनात. चपलांचे तळवे वितळून पत्र्याला चिकटलेले! ओढून काढले तेव्हा उजवीचा निम्मा तळवा बॉनेटवरच राहिला. तशाच चपला घालून, एक पाय उंच एक पाय खाली, हा लग्नाला गेला.

लग्नाच्या गर्दीत दारातल्या चपला जाणारच. त्या दिवशीही गेल्या, पाहुण्यांच्या नव्या कोऱ्या. परत आल्यावर करीमभाई मला म्हणाला, "सबके गये, साळवे. मेरे वहींच थे. चोर बी देखके रोया होंगा."

*

आता माझा. मी कंडक्टर. रजेच्या दिवशी मेहुण्याकडे भोकरदनला निघालो होतो. त्या दिवशी नशिबाने मागच्या बाकावर चक्क सीट मिळाली. खिडकीतून वारा लागला, डोळा लागला. आणि झोपेतच मी ओरडलो, "राजूर! राजूरवाले उतरून घ्या!"

एवढंच करून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हात वर गेला आणि मी दोरी ओढून घंटाही दिली. ड्रायव्हरने गाडी थांबवली. सात-आठ माणसं बोचकी घेऊन उतरली. मी पुन्हा दोन घंटा दिल्या आणि गाडी निघाली. ड्युटीवरचा कंडक्टर पुढे तिकिटं फाडत होता, त्याला वाटलं राजूर आलं.

राजूर दीड-दोन मैल पुढे होतं. मला जाग आली ती मागून येणाऱ्या आरडाओरड्याने. उतरलेल्यांत राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला निघालेली एक म्हातारी होती. चारी बाजूंनी नुसतं ज्वारीचं रान. गाडी मागे घेतली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाबा, इथलं देऊळ कुठं गेलं?"

लोक हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर फार वाईट वाटलं. माणसाला एक दिवस साधा प्रवासी होऊन बसता येऊ नये, याला काय म्हणायचं?

*

किसनभाऊ दाभाडे माझ्या जोडीचा ड्रायव्हर. जाफराबादच्या फेरीला आम्ही वर्षानुवर्षं एकत्र. हात इतका सफाईदार की मागच्या बाकावरच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू जागं होत नसे. पण हाच माणूस बॉनेटवर बसला की दुसऱ्याच्या गाडीला ब्रेक मारायचा! समोर बैलगाडी दिसली की उजवा पाय पत्र्यावर दाण्‌कन. म्हैस दिसली की दाण्‌कन.

करीमभाई एकदा वैतागून म्हणाला, "किसन, गाडी मैं चला रहा हूँ या तू?"

किसनभाऊ म्हणाला, "चालव ना तू. मी फक्त थांबवून राह्यलो."

या किसनभाऊला एकच गोष्ट करायची होती. बायकोला समुद्र दाखवायचा होता.

द्वारकावहिनी शहागडच्या. गोदावरीच्या काठी वाढलेल्या. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी नेलं तेव्हा नदीला पूर होता. किसनभाऊने विचारलं, एवढं पाणी कधी पाहिलं का. वहिनी म्हणाल्या, हे तर दरसाल बघते, याच्याहून मोठं असंल तर दाखवा. किसनभाऊ म्हणून गेला, दाखवतो. त्याने समुद्र स्वतःही पाहिलेला नव्हता. पण शब्द गेला तो गेला. दरवर्षी पास आला की वहिनी विचारायच्या, यंदा? आणि दरवर्षी कुणाचं तरी लग्न निघायचं नाहीतर कुणाचं तरी आजारपण. नोकरी संपली की पास बंद. पदरचं तिकीट काढून दोघांनी समुद्र बघायला जायचं, असा विचारही तेव्हा आमच्या घरांत कुणाच्या डोक्यात आला नसता.

*

तरी एकदा निघाले. औरंगाबादहून नगर, नगरहून पुणे, पुढे कोकण, असा बेत. किसनभाऊ खाकी घालून बॉनेटवर, वहिनी मागे गर्दीत. मधे जाड पत्रा आणि जाळी, कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही.

नेवासा फाट्यावर गाडी थांबली. वहिनी पाणी प्यायला उतरल्या. कंडक्टरने तिकिटं मोजली, डोकी मोजली, दोन्ही जुळली, घंटा दिली. पासवाली बाई त्याच्या तिकिटांत नव्हतीच, मग ती डोक्यांत कशी येणार? माझ्या हातूनही हे झालं असतं, म्हणून त्या कंडक्टरला मी कधी शिवी दिली नाही.

किसनभाऊला नगरला कळलं की बायको नाही. तो धावत समोरच्या गाडीच्या बॉनेटवर बसून उलटा फाट्याकडे निघाला. तोवर वहिनी कुणाच्या तरी हातापाया पडून मागच्या गाडीने नगरला निघाल्या होत्या. दोन्ही गाड्या रस्त्यात एकमेकींना ओलांडून गेल्या. ड्रायव्हरांनी रिवाजाप्रमाणे हात केला. बॉनेटवर बसलेल्या किसनभाऊनेही केला!

संध्याकाळी दोघं वेगवेगळ्या गाड्यांनी जालन्याला परत आले. स्टँडवर वहिनी त्याला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही लोकांला बराबर पोचवता."



*

दुसऱ्यांदा निघाले ते दिवाळीत. या वेळी पुण्यापर्यंत धड पोचले. वहिनी निम्मी वाट उभ्याच होत्या, पण पोचल्या. कोकणच्या गाडीला तीन तास होते. पुण्याच्या स्टँडवर ही गर्दी! औरंगाबादची जादा गाडी उभी आणि तिचा ड्रायव्हर तापाने आडवा झालेला. कंट्रोलर साहेब इकडून तिकडे पळत होते. त्यांना बाकड्यावर बसलेला खाकीतला माणूस दिसला.

साहेबांनी विचारलं, कुठला डेपो? किसनभाऊ खरं बोलणारा माणूस, सांगितलं जालना. मग काय, त्याच दिशेची गाडी! रजेवर असल्याचं तो सांगत होता, तेवढ्यात साहेबांनी हातात ड्युटीचा कागद दिला आणि पाठीवर थाप मारली. गाडीत लेकराबाळांची माणसं दिवाळीला घरी जायची म्हणून वाट बघत बसलेली. किसनभाऊने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे, आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला.

खाकी घातली नसती तर पुण्यापर्यंत जाता आलं नसतं. खाकी घातली म्हणून पुण्याच्या पुढे जाता आलं नाही. या नोकरीने आम्हाला असंच खेळवलं. मला आजही ते आठवलं की चीड येते.

वहिनींना मात्र साहेबांनी पहिल्या बाकावर बसवलं, केबिनच्या जाळीला लागून. घरी आल्यावर माझ्या बायकोने विचारलं, काय पाहिलं पुण्यापर्यंत जाऊन? वहिनी म्हणाल्या, "यांची मान पाहिली. केस पिकून राह्यले मागून."

*

आणि आता शेवटचा.

किसनभाऊ मार्चअखेर रिटायर होणार होता. त्याच महिन्यात पासही संपणार होता. करीमभाईने मनावर घेतलं. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरच्या हाती निरोप धाडले, औरंगाबाद, नगर, पुणे, प्रत्येक ठिकाणी किसनला बॉनेट मिळालं पाहिजे. मी कंडक्टर लोकांत सांगून ठेवलं की वहिनींना कुणी उठवायचं नाही. पाच दिवसांची रजा मंजूर करून घेतली. पुण्याहून हर्णैची गाडी ठरली, कारण कुणीतरी सांगितलं होतं की तिथे समुद्र स्टँडच्या मागेच आहे. निघताना डेपोतले सगळे गाडीपाशी आले होते. वहिनींनी बोटं मोडून किसनभाऊची दृष्ट काढली आणि आम्ही हसलो.

चौथ्या दिवशी सकाळी मी जाफराबादच्या फेरीसाठी स्टँडवर उभा होतो, तर औरंगाबादच्या गाडीतून दोघं उतरले. एक दिवस आधीच! म्हटलं, झालं, याही वेळी कुठेतरी अडकले.

"पोचले का न्हाई?" मी विचारलं.

"पोचलो ना. पार हर्णैला पोचलो," किसनभाऊ म्हणाला. चेहरा थकलेला, पण बोलण्यात जोर होता. सांगायला लागला. होळी दोन दिवसांवर आलेली, शिमग्याला घरी जाणाऱ्या कोकणच्या लोकांनी गाडी गच्च भरलेली. माझा शब्द पुण्यापुढे कुणी पाळला नाही, वहिनी घाटभर उभ्या होत्या. बॉनेटवर त्याचा पाय भाजला. दुपारी हर्णैला उतरले तेव्हा दोघांना धड चालता येत नव्हतं. स्टँडच्या मागे माडांची रांग, तिच्या पलीकडे समुद्र, असं तिथल्या माणसाने हात करून दाखवलं.

"मंग?" मी म्हटलं.

"मंग काय. शेजारीच पुण्याची गाडी लागलेली. तिकडं कोण जाऊन राह्यलं शिमग्याच्या वक्ताला? बिलकुल रिकामी, साळवे. एक माणूस न्हाई आत. अन् ड्रायव्हरनं स्टार्टर मारलेला. मी म्हणलं, चल गं, जल्दी बस." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दोघाला सीट भेटली भाऊ. एका बाकावर. खिडकीची. पार पुण्यापर्यंत कोणी उठवलं न्हाई."

बोलता बोलता तो थांबला. त्याचा हात माझ्या खांद्यावर तसाच होता.

मी वहिनींकडे वळलो. विचारू नये ते विचारून बसलो, "वहिनी, समुद्र?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"वास आल्ता," त्या म्हणाल्या.