टाचेखालची घडी

आम्हा दोघी बहिणींचे उजवे पाय सारखेच वाकडे होते. वडिलांकडून आलेला आजार. तळवा आत वळायचा, चालताना पायाची बाहेरची कड टेकायची आणि तिथे घट्टे पडायचे. माझा पाय आधी बिघडला. त्यामुळे ऑपरेशनही आधी माझं झालं, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, लग्नाआधी. घोटा उघडून त्यातली हाडं कायमची जोडून टाकली. असा सांधा दुखत नाही आणि हलतही नाही. ज्या कोनात बसवला, त्याच कोनात राहतो.

"मुलगी नोकरी करते, टाचेची सँडल घालील," असं सर्जननी वडिलांना सांगितलं आणि पंजा थोडा खाली झुकवून बसवला. मला कोणी विचारलं नाही.

रस्त्यावर, सँडल घालून, त्यांचा हिशेब बरोबर ठरला. पण अंबरनाथला सासरी, ओट्यापाशी अनवाणी उभी राहिले तेव्हा टाच जमिनीला लागेना. टेकवायला गेले की गुडघा मागे ढकलला जाई.

"चपला बाहेर. देव आहेत इथे," सासूबाई म्हणाल्या. मी टाचेखाली जुन्या टॉवेलची घडी घेऊ लागले.

बहिणीची पाळी नव्वदच्या दशकात आली. ती बदलापूरला, बेलवलीत राहायची. तोवर हेच काम दुर्बिणीने, छोट्या छिद्रांतून करणारे सर्जन मुंबईत मिळू लागले होते. तपासणीला मी सोबत होते.

"घरात चपला घालता?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"घरात? सासूबाई मलाच बाहेर काढतील!"

"मग सपाट बसवू."

संपलं. एक प्रश्न, एक उत्तर. मी माझा पाय पुढे केला. त्यांनी घोटा दाबून पाहिला.

"छान जुळलंय. ज्यांनी केलं त्यांचा हात चांगला."

"टाच टेकत नाही."

"त्याला हाड पुन्हा कापावं लागेल. छिद्रांतून नाही व्हायचं. चाललंय ना? मग राहू दे."

प्लास्टर निघाल्यावर शेजारणी तिचा पाय बघायला आल्या. "अगं, ऑपरेशन झालं कुठे? हे तर डास चावल्यासारखं दिसतंय." माझा व्रण नडगीपासून पावलापर्यंत होता. मी साडी खाली ओढली.

त्या दिवाळीत ती माझ्याकडे आली. पोळ्या व्हायच्या होत्या. ती ओट्यापाशी उभी राहिली, अनवाणी, दोन्ही टाचा फरशीवर. टॉवेलची घडी तिने पायानेच बाजूला सरकवली. त्याच उजव्या पायाने.

"ताई, तुझं सिंहासन जरा हलवलं हं. तू बस आता, मी लाटते."

"बसायला काय झालंय मला?"

"अगं, पाय दुखेल."

"माझा पाय दुखत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. घडी पुन्हा जागेवर ठेवली, तिच्यावर टाच टेकवली आणि बहिणीच्या हातातून लाटणं काढून घेतलं. तिला वाटाणे सोलायला बाहेरच्या खोलीत पाठवलं.