त्रेचाळीस घरांचं एक उत्तर

माझ्या फॉर्मचा मला फार अभिमान होता, हे आधीच कबूल करून टाकते. हिंगोलीला एस.टी. डेपोच्या मागे आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. तिथे बसून आठ दिवस मी तो फॉर्म बनवला. ई-मेलने घरोघरी जाणारा, मोबाईलवरच भरता येणारा, आणि बटण दाबलं की उत्तर थेट माझ्या तक्त्यात आणून टाकणारा.

काम सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्याचं होतं. दिवाळी झाली की तांड्यातली बहुतेक जोडपी ऊसतोडीला जातात. लेकरं सोबत गेली की त्यांची शाळा तिथेच संपते. म्हणून आमची संस्था तांड्याच्या शाळेत पाच-सहा महिने वसतिगृह चालवते. दोन वेळचं जेवण, झोपायला वर्गखोली आणि देखरेखीला गावातलीच एक मावशी, एवढंच. पण तेवढ्यावर पोरी शिकतात. किती लेकरं मागे राहणार याची पाहणी दसऱ्याआधी करायची आणि तिच्यावरून पुण्याच्या ऑफिसने वसतिगृह मंजूर करायचं, अशी रीत.

आधीची चार वर्षं मी वही घेऊन दारोदार फिरले होते. प्रत्येक घरी काळा चहा, प्रत्येक घरी तीच चौकशी, आणि संध्याकाळी जीपच्या मागच्या फळीवर बसून पाठ मोडून घ्यायची. यंदा पुण्याचे साहेब म्हणाले, ऑनलाइन करा. माझी काही तक्रार नव्हती. उलट सुटले एकदाची, असंच वाटलं.

तांड्याच्या नायकांना फोन केला. तांड्याचा कारभार त्यांच्या शब्दावर चालतो. विचारलं, घरटी एक ई-मेल मिळेल का? ते म्हणाले, "हाय की. समद्यांचा हाय." तासाभरात यादी आली, त्रेचाळीस घरं, त्रेचाळीस ई-मेल. मी चाट पडले. माझ्या सख्ख्या भावाला स्वतःचा ई-मेल आठवत नाही, आणि इथे अख्खा तांडा तयारीत!

फॉर्ममध्ये मी माझी सगळी हुशारी ओतली होती. पहिलाच प्रश्न, 'आपल्या कुटुंबातील व्यक्ती कामासाठी गाव सोडून बाहेर राहतात का?' 'हो' म्हटलं तर पुढचे प्रश्न उघडायचे. लेकरं किती, इयत्ता कोणती, वसतिगृहात ठेवणार का. 'नाही' म्हटलं तर ते दिसायचेच नाहीत, थेट शेवट. लोकांचा वेळ का घ्या! एका ई-मेलवरून एकच उत्तर. यादीबाहेरच्या ई-मेलला प्रवेश नाही. आणि कुणी मागाहून घोळ घालू नये म्हणून कुलूप, एकदा पाठवलेलं उत्तर बदलता येणार नाही. वर ठळक अक्षरांत शीर्षक दिलं, 'स्थलांतर सर्वेक्षण'. साहेब खूश झाले.

फॉर्म सकाळी पाठवला. दुपारी दोननंतर उत्तरं यायला लागली ती दर दोन मिनिटांनी एक. साडेतीनच्या सुमाराला त्रेचाळिसावं आलं. मी टेबलाशी बसून एकेक पडताना बघत होते आणि मला अगदी आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

सगळ्यांचं उत्तर होतं 'नाही'.

आता मला विचाराल, बाई, तुला शंका कशी आली नाही? आली होती, क्षणभर. मग मीच माझी समजूत घातली. यंदा पाऊस बरा झालाय, सोयाबीन हाताला लागलंय, लोक हळदीच्या कामाला इथेच थांबणार असतील. मनाला पटवायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. शिवाय शंका काढायची तर तांड्यावर जायला हवं होतं, आणि जायचं टळलं म्हणून तर मी आनंदात होते. तक्ता पुण्याला पाठवला, फॉर्मचा ताबाही देऊन टाकला. तिकडून शाबासकी आली. वसतिगृहाच्या यादीतून तांडा गळला, पण गरज नसेल तर गळणारच. आणि शंभर टक्के उत्तरं देणारा तांडा म्हणून नायकांना प्रशस्तिपत्र द्या, असं साहेबांनी सुचवलं. मी ते छापून घेतलं, फ्रेमही केलं.

दिवाळीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी ती फ्रेम मांडीवर घेऊन मी जीपने तांड्यावर गेले.

पारापाशी दोन ट्रक उभे होते. एक भरून झाला होता. भांडी, गोधड्या, सरपण, वर बांधलेली शेळी. घरांच्या दारांना कुलपं. मी जीपमधून उतरले आणि तिथेच थांबले. कुणी काही सांगायच्या आधीच मला सगळं कळलं होतं, फक्त ते खरं नसावं असं वाटत होतं.

दुसऱ्या ट्रकपाशी एक बाई गाठोडं बांधत होती. तिला मी चांगली ओळखते. गेली दोन वर्षं तिची मुलगी आमच्या वसतिगृहात होती, यंदा सातवीत. ती पोरगी शेजारीच उभी होती, पाठीला दप्तर. कारखान्यावर दप्तराचं काय काम, हे तिला कुणी विचारलं नसावं.

"बाई, यंदा वसतिगृह न्हाई म्हणले," तिची आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "काहून हो?"

मी म्हणाले, "अहो, तुम्हीच तर कळवलं ना, कुणी जात नाही म्हणून?"

"आमी? कवा?"

"ई-मेलवर. तुमच्या घरचा फॉर्म आला होता."

गाठोडं सोडून ती सरळ उभी राहिली. "आमी कायबी भरलं न्हाई. तुमी दरसाली वही घेऊन येता ना. आमी वाट पाहून राहिलो होतो तुमची. म्हणलं, बाई येतीलच."

तेवढ्यात नायक आले. त्यांनी काही लपवलं नाही, लपवण्यासारखं आपण केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. तांड्यातल्या सगळ्यांचे ई-मेल सेनगावच्या एका ऑनलाइनवाल्याने काढलेले. कुठला ना कुठला अर्ज भरताना लागतो म्हणून काढायचा, आणि पासवर्डसकट त्याच्याच वहीत ठेवायचा. त्रेचाळीस पत्रं त्या एका दुकानात उघडली. त्याने नायकांना फोन लावला, कारण तांड्याच्या वतीने उत्तर द्यायचं तर ते नायकच देणार.

"त्यानं वाचून दाखवलं," नायक म्हणाले, "गाव सोडून बाहेर राहता का. मी म्हणलं, लिव, न्हाई. समद्यांचं न्हाई लिव. मागं असंच कुणी इचारून गेलं, बाहेर राहतात म्हणून लिवून नेलं, अन् चार घरांची नावं रेशनमधून कटली. तवा लई तकलीफ झाली. म्हणून म्या बराबर सांगितलं, कुणी कुठं जात न्हाई."

"पण नायकबाबा, तो वसतिगृहाचा फॉर्म होता!"

"वसतिगृहाचं तर त्यात नावबी नव्हतं," ते म्हणाले.

नव्हतंच. होतं ते 'हो'च्या मागे. मीच ठेवलं होतं तिथे.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी फ्रेम पदराआड धरून पुण्याला फोन लावला. साहेब आधी हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग म्हणाले, "मॅडम, यादी मंजूर होऊन गेली. आणि तुमची माहिती तर सगळ्यांत स्वच्छ होती." मी अक्षरशः गयावया केली. शेवटी ते म्हणाले, "निदान एका घराचं तरी बदललेलं उत्तर सिस्टीमला दिसू द्या. मग मी वर बोलतो. नुसत्या तोंडी सांगण्यावर काही होणार नाही."

मी फॉर्मच्या कुलपाची आठवण करून दिली, ते उघडायची विनंती केली. ते म्हणाले, फॉर्म बंद करायचा राहिलाय, पण कुलूप काढणारा माणूस रजेवर आहे, तुम्ही भरून तर बघा. वेडी आशा. कदाचित आपलं कुलूप नीट लागलंच नसेल, असं मी मनात म्हटलं. आपलं काम कच्चं निघावं म्हणून देवाची प्रार्थना मी आयुष्यात त्या एकाच दिवशी केली.

ट्रकच्या चाकापाशी उभं राहून मी लिंक उघडली. त्या बाईच्या घरचा ई-मेल यादीतून टाकला. 'हो'वर बोट ठेवलं, आणि पुढचे प्रश्न एकेक उघडत गेले. नायक वाकून बघत होते. "हे तर त्यानं वाचलंच न्हाई," ते पुटपुटले आणि त्यांनी डोक्याचा फेटा काढून हातात घेतला. टोळी घेऊन जाणारा मुकादम ट्रकचा हॉर्न वाजवत होता.

लेकरं किती? एक. इयत्ता? "सहावी," आई म्हणाली. "सातवी व्हय," पोरीने दुरुस्त केलं. वसतिगृहात ठेवणार का? आईने पोरीकडे बघितलं. पोरगी म्हणाली, "लिवा, व्हय."

मी बटण दाबलं.

"घेतलं का?" आईने विचारलं.

पडद्यावर माझीच ओळ आली होती. मी ती वाचून दाखवली. 'या ई-मेलवरून उत्तर आधीच मिळाले आहे. उत्तर बदलता येणार नाही. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.'

तिला कळलं की नाही, मला ठाऊक नाही. "बरं," ती म्हणाली. मग तिने पोरीच्या पाठीवरचं दप्तर काढून गोधड्यांवर टाकलं, आणि तिला वर चढायला हात दिला.